स्वस्त वाट आणि परतीचा हक्क

कूटचलनाच्या बाजारात सध्या एका नव्या स्वस्ताईचा बोलबाला आहे. ज्या व्यवहारासाठी काही वर्षांपूर्वी हजारो रुपये शुल्क मोजावे लागे, तसाच व्यवहार आता रुपया-दोन रुपयांत, कधी तर काही पैशांत उरकतो, असे या व्यवसायातील मंडळी छातीठोकपणे सांगत असतात. ही स्वस्ताई ज्या युक्तीने साधली तिला ‘लेअर टू’, म्हणजे दुसऱ्या स्तराचे जाळे, असे म्हणतात. हा दावा खोटा नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. एखादी गोष्ट केवळ नवी म्हणून तिच्याकडे पाहून नाक मुरडणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. तथापि स्वस्त झालेल्या प्रत्येक वस्तूविषयी शहाणे गिऱ्हाईक जो प्रश्न विचारते तो येथेही विचारावयास हवा. जे वाचले ते कशातून वाचले, आणि त्याच्या बदल्यात हातचे काय गेले?

मुळात हे व्यवहार महाग का झाले, हे समजल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या अज्ञात व्यक्तीने अथवा व्यक्तींनी जानेवारी २००९ मध्ये बिटकॉईनचे जाळे सुरू केले, तेव्हा त्यामागील कल्पना साधी होती. पैशांच्या हिशेबाची वही एका पेढीच्या तिजोरीत न ठेवता जगभर विखुरलेल्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती ठेवावयाच्या, आणि प्रत्येक नोंद सर्वांनी तपासावयाची. यात मध्यस्थ उरत नाही, परंतु वेगही उरत नाही. बिटकॉईनच्या वहीचे एक पान भरण्यास सुमारे दहा मिनिटे लागतात, आणि सेकंदाला सातएक नोंदींपलीकडे तिची मजल जात नाही. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमची मजल दीर्घकाळ सेकंदाला पंधराएक नोंदींची होती. जागा थोडी आणि गर्दी अफाट, असे झाले की लिलाव हा आलाच. जो अधिक शुल्क देईल त्याची नोंद आधी.

या लिलावाने काय अनर्थ मांडला हे अलीकडचा इतिहास सांगतो. डिसेंबर २०१७ मध्ये मांजरांची चित्रे विकण्या-पाळण्याच्या एका खेळाने इथेरियमचे जाळे तुंबले. मे २०२१ मध्ये काही दिवस तेथील सरासरी शुल्क एका व्यवहारामागे ५० डॉलरांच्याही वर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेतीन हजार रुपयांहून अधिक झाले. एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉईनच्या नव्या नाण्यांचे प्रमाण निम्मे होण्याच्या दिवशी त्या जाळ्यावरील सरासरी शुल्काने शंभर डॉलरांची मर्यादा ओलांडली. आणि यातील खरी मेख अशी की हे शुल्क रकमेवर अवलंबून नसते. पाच कोटी पाठविणारा धनिक जेवढे देतो तेवढेच पाचशे रुपये पाठविणाऱ्या गरिबाने द्यावयाचे. बँकांची दारे ज्यांना बंद आहेत त्यांच्यासाठी म्हणून ज्या व्यवस्थेचा डांगोरा पिटला गेला, तिने प्रथम त्यांनाच उंबरठ्याबाहेर उभे केले.

दुसऱ्या स्तराची युक्ती निघाली ती या कोंडीतून. आपल्याकडील जुन्या पेढ्यांची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती चटकन उमगेल. दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दीत उतरावयाचे आणि मागाहून ते खतावणीत न्यावयाचे, ही ती रीत. मूळ साखळी ही खतावणी आणि दुसरा स्तर ही रोजकीर्द. हजारो व्यवहार बाहेरच्या बाहेर नोंदवून त्यांचे एकच गाठोडे मूळ साखळीवर टाकले की त्या एका नोंदीचे शुल्क हजारांत वाटले जाते. बिटकॉईनसाठी जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१५-१६ मध्ये ‘लाइटनिंग’ जाळ्याचा आराखडा मांडला आणि २०१८ पासून ते प्रत्यक्ष वापरात आले. दोघांनी मूळ साखळीवर काही रक्कम एकत्र गुंतवून ठेवावयाची, आपसांतील देणे-घेणे परस्परांच्या सहीने कितीही वेळा फिरवावयाचे, आणि अखेरची बाकी तेवढी मूळ वहीत नोंदवावयाची, असा त्याचा मामला आहे.

इथेरियमवर जी गाठोडी बांधली जातात त्यांना ‘रोलअप’ म्हणतात आणि त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक गाठोडे खरे आहे असे गृहीत धरले जाते, आणि हरकत घेणाऱ्यास साधारण सात दिवसांची मुदत दिली जाते. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम व बेस ही जाळी या घराण्यातील आहेत. दुसऱ्या प्रकारात गाठोड्यासोबत त्याच्या खरेपणाचा गणिती पुरावाच जोडला जातो, त्यामुळे हरकतीसाठी थांबण्याचे कारण उरत नाही. स्टार्कनेट आणि झेडकेसिंक ही त्यातील ठळक नावे होत. इथेरियमचे जनक विटालिक बुटेरिन यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच या जाळ्याचे भवितव्य रोलअपच्या मार्गाने जाईल असे प्रतिपादन केले होते. १३ मार्च २०२४ रोजी इथेरियमने या गाठोड्यांसाठी वेगळी, स्वस्त आणि सुमारे अठरा दिवसांनी पुसली जाणारी जागा राखून ठेवली. तेव्हापासून दुसऱ्या स्तरावरील शुल्क कित्येक पटींनी घसरून एका सेंटच्या आसपास आले. पुढे २०२५ मध्ये मूळ साखळीचीही क्षमता टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी मोलाची आहे, आणि तिचे श्रेय देण्यात कंजूषपणा करण्याचे कारण नाही. परंतु येथेच तो मूळ प्रश्न पुन्हा दत्त म्हणून उभा राहतो. रोजकीर्द आली म्हणजे ती लिहिणारा कारकून आला. ज्या व्यवस्थेचा जन्मच मध्यस्थाला हद्दपार करण्याच्या प्रतिज्ञेतून झाला, तिच्यात तो मागील दाराने परत आला आहे. या कारकुनाला ‘सिक्वेन्सर’ म्हणतात. कोणाचा व्यवहार आधी घ्यावयाचा, कोणाचा मागाहून, हे तो ठरवितो. आणि आजवर बहुतेक मोठ्या जाळ्यांत हा कारकून एकच राहिला असून तो एकाच कंपनीच्या पदरी आहे.

तो थांबला म्हणजे काय होते हेही पाहून झाले आहे. १५ डिसेंबर २०२३ रोजी नोंदींचा अकस्मात लोंढा आल्याने आर्बिट्रमचे काम तासाहून अधिक काळ बंद पडले. जून २०२४ मध्ये लिनिया या जाळ्यावर एका विनिमय मंचावर दरोडा पडला, तेव्हा चालकांनी गिऱ्हाइकांचे आणखी नुकसान टळावे म्हणून सिक्वेन्सरच थांबविला. हेतू चांगला होता, हे कोणीही मान्य करील. पण चांगल्या हेतूने ज्याला सर्वांचे व्यवहार थांबविता येतात, त्याला उद्या वाईट हेतूनेही ते थांबविता येतील, किंवा एखाद्या सत्तेच्या दटावणीने थांबवावे लागतील. ऑप्टिमिझमचे उदाहरण याहून बोलके आहे. खोट्या गाठोड्यावर हरकत घेण्याची जी सोय त्या पद्धतीचा कणा मानली जाते, ती डिसेंबर २०२१ मध्ये सर्वांना खुल्या झालेल्या या जाळ्यावर जून २०२४ पर्यंत कार्यान्वितच नव्हती. या अडीच वर्षांत लोकांचे कोट्यवधी डॉलर तेथे सुखरूप राहिले ते चालकांच्या सचोटीमुळे. मात्र ‘सचोटीवर विसंबू नका, गणितावर विसंबा’ असे सांगणाऱ्यांनीच सचोटीवर विसंबून राहावे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

म्हणूनच आमच्या मते कोणत्याही दुसऱ्या स्तराच्या जाळ्याची परीक्षा त्याच्या शुल्कावरून करू नये. ती परतीच्या हक्कावरून करावी. माझे पैसे मला मूळ साखळीवर परत न्यावयाचे झाले, आणि कारकून आडवा आला किंवा गायब झाला, तर कोणाचीही परवानगी न घेता मला ते नेता येतील काय? उत्तम रीतीने बांधलेल्या रोलअपमध्ये हे शक्य असते, कारण सर्व नोंदींचा मजकूर मूळ साखळीवर पोहोचलेला असतो. आर्बिट्रमवर सिक्वेन्सरने एखादा व्यवहार अडवून धरला तर सुमारे चोवीस तासांनी तो मूळ साखळीच्या मार्गाने सक्तीने नोंदवून घेता येतो. ही तरतूद म्हणजे त्या व्यवस्थेचा प्राण होय. ‘एलटूबीट’ नावाची एक संस्था अशा जाळ्यांची शून्य, एक व दोन अशा पायऱ्यांवर प्रतवारी लावून प्रसिद्ध करते. वापरणाऱ्याला चालकांच्या हाताचा आधार किती सुटला आहे, हे त्या पायरीवरून कळते. शुल्काचे आकडे जाहिरातीत ठळक छापणाऱ्यांनी ही पायरीही तितक्याच ठळकपणे छापावी, अशी अपेक्षा बाळगणे अवाजवी नाही.

परतीच्या वाटेवर आणखी एक धोका दबा धरून बसलेला असतो, तो म्हणजे पूल. एका जाळ्यावरून दुसऱ्यावर पैसे नेणाऱ्या यंत्रणेला ‘ब्रिज’ असेच नाव आहे. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा दोन्ही तीर जागच्या जागी असूनही पणजी कशी एकाकी पडली, हे त्या पिढीतील गोमंतकीयांना सांगावयास नको. २३ मार्च २०२२ रोजी रोनिन या जाळ्याच्या पुलावर असाच घाला पडला. काटेकोरपणे बोलायचे तर रोनिन ही त्या वेळी इथेरियमच्या बाजूने चालणारी एक स्वतंत्र उपसाखळी होती. परंतु सामान्य वापरणाऱ्यापुढे ती स्वस्त वाट म्हणूनच ठेवली गेली होती. नऊ किल्ल्यांपैकी पाच चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम लंपास झाली. अधिक लाजिरवाणी गोष्ट ही की चोरी उघडकीस आली ती सहा दिवसांनी, एका गिऱ्हाइकाला आपले पैसे काढता येईनात तेव्हा. या चोरीमागे उत्तर कोरियाशी संबंधित टोळी असल्याचे अमेरिकेच्या एफबीआयने पुढे जाहीर केले. तीर भक्कम आहेत की नाहीत, हे पाहणाऱ्याने पुलाचे खांबही तपासावेत, हा या प्रकरणाचा धडा आहे.

केवळ स्वस्ताईने लोक एखाद्या व्यवस्थेकडे वळतात हा समजही एल साल्वादोरने खोटा ठरविला आहे. मध्य अमेरिकेतील या छोट्या देशाने ७ सप्टेंबर २०२१ रोजी बिटकॉईनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. परदेशांत राबणाऱ्या देशबांधवांचे पैसे घरी येताना मधल्या संस्था जे कमिशन कापतात ते वाचावे, हे त्यामागील एक मुख्य कारण सांगितले गेले. सरकारी वॉलेट निघाले, ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलरची भेट मिळाली, लाइटनिंगचीही सोय झाली. परंतु भेटीची रक्कम खर्च झाल्यावर अनेकांनी ते वॉलेट पुन्हा उघडलेच नाही, आणि परदेशांतून येणाऱ्या एकूण पैशांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी रक्कम या वाटेने आली. अखेर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या कर्जकरारानंतर जानेवारी २०२५ मध्ये कायदा दुरुस्त करून बिटकॉईन स्वीकारण्याची सक्ती काढून टाकण्यात आली. वाट स्वस्त होती, पण वाटसरूंचा तिच्यावर विश्वास बसला नाही.

हे उदाहरण गोमंतकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या किती घरांच्या चुली आखातातून आणि दर्यावर्दी जहाजांवरून येणाऱ्या पैशांवर पेटतात, हे साऱ्यांना ठाऊक आहे. जगाची सरासरी घेतली तर दोनशे डॉलर घरी पाठविण्यास सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो असे जागतिक बँकेचे आकडे सांगतात, आणि तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणण्याचे राष्ट्रसंघाचे उद्दिष्ट आहे. तेव्हा जहाजावरील एखाद्या तारवटी तरुणाला डॉलरशी बांधलेले ‘स्टेबलकॉईन’ एका सेंटच्या शुल्कात घरी धाडण्याचा मोह झाला, तर त्याला दोष कसा द्यावा? परंतु त्याने पुढचा हिशेब नीट करावा. देशांतर्गत पैसे पाठविण्यास या वाटेची गरजच नाही. यूपीआयने सामान्य माणसाला ते काम फुकट करून दिले आहे, आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्या यंत्रणेवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. उरली परदेशातून येणारी रक्कम. ती जाळ्यावरून सेंटभर खर्चात आली तरी घरखर्चासाठी तिचे रुपये करावे लागतात, आणि ती रुपयांत उतरताच जाळ्याची स्वस्ताई संपते. शिवाय घरी पैसे आणण्याचा मान्यताप्राप्त मार्ग म्हणजे बँका आणि रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या संस्था हाच आहे. तो सोडणाऱ्याने कायद्याची जोखीमही शिरावर घेतलेली असते.

२०२२ च्या अर्थसंकल्पाने कूटचलनाच्या नफ्यावर तीस टक्के कर बसविला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्यासही बंदी केली. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून हस्तांतरणाच्या रकमेवर एक टक्का उद्गम करकपात लागू झाली. लाख रुपयांच्या विक्रीवर हजार रुपये जागच्या जागी कापले जातात. पुढे विवरणपत्रात त्यांचे श्रेय मिळते हे खरे, पण तोवर ते अडकून पडतात. जेथे जाळ्याचे शुल्क रुपया-दोन रुपये आहे तेथे एक टक्क्याची कपात म्हणजे शुल्काच्या शेकडो पट. तेव्हा भारतीय गिऱ्हाइकापुढे ‘स्वस्त व्यवहार’ म्हणून जे मिरविले जाते ते अर्धसत्य आहे.

सट्टेबाजीला आळा घालण्यासाठी सरकारने कर लावला, तर त्यावर तत्त्वतः आक्षेप घेता येणार नाही. आक्षेप आहे तो कर घेऊनही अंग झटकण्यावर. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने कूटचलनाच्या व्यावसायिकांना बँकसेवा नाकारणारे परिपत्रक काढले, आणि मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. मार्च २०२३ मध्ये या व्यावसायिकांना काळा पैसाविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले, हे योग्यच झाले. पण गिऱ्हाइकाच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२५ संपेपर्यंतही झाला नाही. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय विनिमय मंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरांची मालमत्ता चोरीस गेली. गिऱ्हाइकांच्या पदरात काय पडावे याचा निवाडा व्हावयास सिंगापूरच्या न्यायालयाची वाट पाहावी लागली, आणि मंच पुन्हा सुरू झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांचे हाल झाले हे खरे. तरीही त्यांच्या पाठीशी पाच लाख रुपयांपर्यंतचे ठेवविम्याचे कवच होते. कूटचलनाच्या गिऱ्हाइकाला तसले कोणतेही कवच नाही. ज्या मालमत्तेच्या नफ्यातील तिसरा हिस्सा जवळपास राज्यसंस्था घेते, तिच्या मालकाला निदान तक्रारीची एक खिडकी तरी उघडून देणे हे त्याच राज्यसंस्थेचे कर्तव्य नव्हे काय?

यासाठी फार मोठ्या गोष्टी कराव्या लागतील असेही नाही. प्रत्येक विनिमय मंचाने आणि वॉलेटने गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत, मराठीत, कोंकणीत, कानडीत, चार गोष्टी सांगणे सक्तीचे करावे. आपले पैसे कोणत्या जाळ्यावर जात आहेत, तेथून परत येण्यास किती काळ लागेल, मधला पूल कोणाच्या ताब्यात आहे, आणि व्यवहार थांबविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे. चुकीचे जाळे निवडून पाठविलेली रक्कम अनेकदा कायमची हातची जाते, एवढी एक सूचना वेळीच मिळाली तरी कित्येकांची पुंजी वाचेल. तंत्राचा उपयोग सट्ट्यापलीकडे कसा होतो याचे उदाहरण तर आपल्या शेजारीच आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉनच्या जाळ्यावर ठेवण्यात आल्या. काटेकोर व्याख्येत तीही एक उपसाखळीच आहे, आणि ती उभारण्यात जयंती कनानी, संदीप नैलवाल व अनुराग अर्जुन या भारतीय तरुणांचा पुढाकार होता. नोंदीचा खर्च नगण्य झाल्यामुळेच आदिवासी मुलखातील कागदासाठी असा प्रयोग करणे परवडले. स्वस्ताई सार्थकी लागते ती अशा ठिकाणी.

तेव्हा दुसऱ्या स्तराच्या जाळ्यांना आंधळा नमस्कार करू नये आणि आंधळा नकारही देऊ नये. पैसे पाठविणाऱ्याने शुल्काचा आकडा अवश्य पाहावा, पण तो पाहून झाल्यावर परतीची वाट विचारावी. ज्या जाळ्याच्या चालकाला हा प्रश्न अडचणीचा वाटतो, त्याच्या दारी आपली कष्टाची कमाई नेऊ नये. आणि ज्या सरकारला हा प्रश्न आपला वाटत नाही, त्याला नागरिकांनी तो पुनःपुन्हा विचारीत राहावे. घामाच्या पैशाला स्वस्त वाट हवी, पण परत फिरण्याचा हक्क त्याहून अधिक हवा.